माळवदावरची अँटेना आणि आयोवातला नातू

प्रश्न : दादा, माझा मुलगा सहा वर्षांपासून अमेरिकेत आयोवा राज्यात, डी मॉइन शहरात राहतो. नातू नऊ वर्षांचा, त्याला बेसबॉलचं वेड. शिकागोची कब्ज ही त्याची टीम. मुलानं सगळ्या लीगच्या सामन्यांचं पॅकेज घेतलंय, पैसे भरलेत, तरी कब्जची मॅच लावली की पडदा काळा होतो. न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीला तीच मॅच दिसते. नातू फोनवर रडवेला होऊन म्हणतो, "आज्जी, आम्हालाच का नाही?" शिकागो त्यांच्यापासून गाडीनं पाच तास लांब. तुम्ही अमेरिकेत राहून आलात असं मागच्या अंकात वाचलं, म्हणून विचारते. तिथले चॅनल नेमके कोणाचे असतात?
— एक आजी, अंबाजोगाई

उत्तर : ताई, तुमच्या नातवाचं रडू मी डोळ्यांनी पाहिलंय. टीम वेगळी आणि गाव वेगळं, बाकी सगळं तेच. 2023 साली मी आणि आमची ही लेकीकडं आयर्विंगला होतो. डॅलसला लागूनच आहे ते. तिथून टेक्सास रेंजर्सचं मैदान गाडीनं वीस-पंचवीस मिनिटांवर. जावयानं असंच पॅकेज घेतलेलं. ऑगस्टमधली एक संध्याकाळ, नातू रेंजर्सची टोपी घालून सोफ्यावर बसला, मॅच लावली आणि फोनवर ओळ आली : तुमच्या भागात हा सामना उपलब्ध नाही. पोरानं तीनदा बंद करून चालू केलं. मी परभणीत चौतीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलेलं, त्याला वाटलं आजोबा करतील काहीतरी. पण हा बिघाड नव्हता, करार होता. करारापुढं मेकॅनिक काय करणार?

आधी चॅनल कोणाचे ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट उलगडेल.

आपल्याकडं टीव्ही जायकवाडीच्या पाटासारखा आला. धरण एक, पाट एक, आणि पाणी येईल तसं आपण घ्यायचं. 1959 ला दिल्लीत सुरुवात झाली, 1972 ला मुंबईत आणि आपल्या भागात पुढं लघुशक्ती केंद्रं आली, ती वरून आलेलं चित्र खाली सोडायची. अमेरिकेत उलटं झालं. तिथं गावोगाव विहिरी आधी खणल्या गेल्या. डॅलसच्या माणसानं डॅलसपुरतं स्टेशन काढलं, डी मॉइनच्या माणसानं डी मॉइनपुरतं. सरकारनं प्रत्येकाला लायसन दिलं ते त्या त्या गावाच्या नावानं. आजही तिथलं संचार आयोग, म्हणजे एफसीसी, लायसन देतं ते स्टेशनला. एनबीसी, सीबीएस, एबीसी, फॉक्स ही जी नावं आपण ऐकतो ती नेटवर्क. ती त्या विहिरी एकमेकींना जोडणारी.

मालकी कशी, तर आपल्या मोंढ्यातलं कृषी सेवा केंद्र डोळ्यासमोर आणा. पाटी बियाण्याच्या कंपनीची, दुकान मात्र दुकानदाराचं. काही मोठ्या शहरांत कंपनीनं स्वतःचं दुकान थाटलेलं असतं. डॅलसमध्ये चार नंबरचं स्टेशन फॉक्सचं स्वतःचं, पाच नंबर एनबीसीचं आणि अकरा नंबर सीबीएसचं. आठ नंबर मात्र, मी गेलो तेव्हा, टेग्ना नावाच्या वेगळ्याच कंपनीचं होतं आणि ते कार्यक्रम एबीसीचे दाखवायचं. लहान शहरांत तर बहुतेक दुकानं अशीच, पाटी एकाची आणि गल्ला दुसऱ्याचा. अशी दुकानं गोळा करणाऱ्या कंपन्याही झाल्यात. लेकीच्याच गावात, आयर्विंगमध्ये, नेक्सस्टारचं मुख्य कार्यालय आहे, तिच्याकडं देशभरात दोनशेच्या आसपास स्टेशनं होती.

सकाळ-संध्याकाळच्या बातम्या, हवामान, शाळेला सुट्टी, रस्त्यावरचा अपघात हे स्टेशन स्वतः करतं. रात्रीची मालिका आणि मोठा सामना नेटवर्क पाठवतं. ह्या स्थानिक भागाबद्दल मला फार वाटतं. वादळ आलं की आठ नंबरवरचा माणूस नकाशावर गल्लीबोळापर्यंत सांगायचा, आता ह्या भागात गारा, दहा मिनिटांनी त्या भागात. शेजारच्या ओक्लाहोमा सिटीत गॅरी इंग्लंड नावाचे हवामानतज्ज्ञ 1972 पासून 2013 पर्यंत एकाच स्टेशनवर होते. चक्रीवादळाच्या पट्ट्यात राहणाऱ्या दोन पिढ्यांनी त्यांचं ऐकून तळघर गाठलं. किल्लारीच्या भूकंपाच्या सकाळी माझ्या दुकानासमोर माणसं रेडिओ मागायला उभी होती, ते मी विसरलेलो नाही. आपल्या गावाचं नाव घेऊन बोलणारा आवाज अशा वेळी काय असतो, हे ज्यानं ती वेळ पाहिली त्यालाच कळतं.

आता खेळाकडं येतो. अमेरिकन फुटबॉलची लीग आणि बेसबॉलची लीग ह्यांचा टीव्हीचा हिशोब अगदी वेगळा आहे आणि तुमच्या नातवाचं दुखणं तिथंच आहे. 1961 साली अमेरिकेत कायदा झाला, त्यानं फुटबॉलच्या सगळ्या टीमना आपले हक्क एकत्र बांधून नेटवर्कला विकायची मुभा दिली. फुटबॉलची टीम हंगामात सामने खेळते सतरा. म्हणून ते जवळजवळ सगळे मोठ्या नेटवर्कवर, आणि आपल्या गावच्या टीमचा सामना गावच्या स्टेशनवर फुकट दिसतो. बेसबॉलची टीम खेळते एकशे बासष्ट. एवढे सामने कोणतं नेटवर्क घेणार? मग प्रत्येक टीमनं आपापल्या भागापुरते हक्क त्या भागातल्या क्रीडा चॅनलला विकले. तो चॅनल केबलवरच असायचा. त्याचे पैसे केबलच्या बिलातून प्रत्येक घराकडून जायचे, घरात कोणी बॅट ओळखत नसलं तरी.

असा पैसा भरणारा चॅनल म्हणणार, आमच्या भागात हा सामना दुसरं कोणी दाखवायचा नाही. म्हणून सगळ्या लीगचं पॅकेज घेतलं तरी "तुमच्या भागातल्या" टीमचे सामने त्यातून काढलेले. न्यू जर्सीची तुमची भाची शिकागोच्या भागात मोडत नाही, तिला दिसतं. आणि आयोवाचं तर नशीबच वाईट. त्या राज्यात मोठ्या लीगची एकही टीम नाही, पण आजूबाजूच्या सहा टीमनी ते राज्य आपल्या भागात धरलंय : शिकागोच्या दोन, सेंट लुईस, कॅन्सस सिटी, मिलवॉकी आणि मिनेसोटा. सहा भावकीनं एकाच बांधावर हक्क सांगावा आणि पीक घरच्याला मिळू नये, तसं. हे मला अन्यायाचं वाटतं. माणसानं पैसे भरलेत, त्याचा गुन्हा एवढाच की तो टीमच्या जवळ राहतो.

हा पडदा जुनाच आहे बरं का. 1958 साली न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये फुटबॉलचा अंतिम सामना झाला, तो देशानं पाहिला आणि न्यूयॉर्कच्याच टीव्हीवर नव्हता. भीती अशी की घरी दिसलं तर तिकीट कोण काढणार. 1967 चा पहिला सुपर बोल, म्हणजे फुटबॉलचाच सगळ्यात मोठा सामना, दोन नेटवर्कनी दाखवला आणि तो जिथं झाला त्या लॉस एंजेलिसमध्ये दिसला नाही. 1973 ला कायदा करावा लागला, की सामन्याच्या 72 तास आधी तिकिटं संपली असतील तर गावच्या स्टेशनवर दाखवा. एफसीसीनं आपला नियम 2014 मध्ये काढून टाकला आणि पुढच्या वर्षी फुटबॉल लीगनंही तो पडदा उचलला. बेसबॉलचा राहिला, कारण तो तिकिटासाठी नाही, चॅनलसाठी आहे.

लॉस एंजेलिसचीच आणखी एक गोष्ट मला बोचते. विन स्कली ह्यांनी डॉजर्स टीमचं समालोचन 1950 पासून 2016 पर्यंत केलं. सदुसष्ट हंगाम! टीम 1958 ला लॉस एंजेलिसला आली तेव्हा मैदान इतकं अवाढव्य होतं, की माणसं मैदानात बसून ट्रान्झिस्टर कानाला लावायची आणि समोरचा खेळ स्कलींच्या तोंडून ऐकायची. 2014 ला टीमचा स्वतःचा चॅनल निघाला, केबल कंपन्यांशी दराचं जमलं नाही आणि शहरातल्या निम्म्याहून अधिक घरांत स्कलींचे शेवटचे तीन हंगाम पोचलेच नाहीत. अगदी शेवटचे सहा सामने तेवढे केटीएलए ह्या अँटेनावरच्या पाच नंबरवर दाखवले. एकोणसाठ हंगाम ज्यानं ह्या शहराला गोष्ट सांगितली, त्याचा निरोप तरी शहराला ऐकता आला, एवढंच समाधान.

पैसा काय करतो ते डॅलसमध्ये एका नंबरवर दिसलं. चार नंबर 1949 पासून सीबीएसचं होतं. 1993 च्या डिसेंबरात फॉक्स ह्या तेव्हाच्या नव्या नेटवर्कनं चार वर्षांसाठी 158 कोटी डॉलर मोजून फुटबॉलचे हक्क सीबीएसच्या हातून घेतले. सामने हातात आल्यावर फॉक्सला गावोगाव मुरलेली स्टेशनं हवी होती, ती एकामागून एक त्याच्याकडं गेली. 1995 ला डॅलसचं चार नंबरही गेलं आणि सीबीएसला अकरा नंबरवर जावं लागलं. शेजारचे एक म्हातारे सांगत होते, आमच्या आईला वर्षभर तिची मालिका सापडेना. एका खेळानं देशातल्या कितीतरी गावांचे नंबर फिरवले. पूर्वी कार्यक्रम दाखवायचे म्हणून नेटवर्क स्टेशनला पैसे द्यायचं, आता स्टेशनच नेटवर्कला देतं. 1992 च्या कायद्यानं स्टेशनला केबलकडून मोबदला मागता येऊ लागला, त्यातलाच वाटा वर जातो.

तर आमच्या नातवाचं काय झालं ते सांगतो, कारण तुमच्या नातवाला त्याचा उपयोग आहे. मी जावयाला म्हटलं, चल, अँटेना आणू. तो हसला, अजून मिळते का म्हणाला. मिळते. पंचवीस डॉलरची कागदासारखी चपटी अँटेना आणली, खिडकीला लावली. चार, पाच, अकरा लख्ख आले, आठ तुटत होतं. डिजिटलला आपल्यासारख्या मुंग्या येत नाहीत. चित्राचे चौकोन सुटतात, आवाज गिळला जातो. विचार केल्यावर लक्षात आलं, आठ नंबरच्या लहरी लांब आहेत, तिला लांब कांड्या पाहिजेत. मग ओढून लांब करायच्या दोन कांड्यांची दुसरी आणली आणि वरच्या खोलीत दक्षिणेला तोंड करून ठेवली, कारण तिथले सगळे मनोरे दक्षिणेला सीडर हिल नावाच्या गावात उभे आहेत. आठही आलं.

मला 1987 आठवलं. वर्ल्ड कपची सेमी फायनल, वानखेडेवर इंग्लंडशी. जिंतूरकडच्या आमच्या गावात एका माळवदावर वीस फुटी पाइपला अँटेना, खाली वाड्यात शंभर माणसं. चित्रावर मुंग्या आल्या म्हणून मी वर चढलो, पाइप धरून फिरवतोय, खालून "आलं, आलं, गेलं, थोडं परभणीकडं" असं चाललेलं, आणि एकदम वाडा गप्प झाला. गावसकर चार रनांवर बोल्ड. चित्र स्वच्छ करून दिलं मी आणि विकेट पाहिली नाही. पण शंभर माणसांनी पाहिली, एक पैसा न देता. सामना म्हणजे मला अजून तेच वाटतं, ज्याच्या छतावर पाइप उभा राहतो त्याला तो दिसला पाहिजे.

रेंजर्स त्या वर्षी अंतिम मालिकेत गेली. वर्ल्ड सिरीज फॉक्सवर, म्हणजे चार नंबरवर, म्हणजे आमच्या खिडकीत. 27 ऑक्टोबर, कोजागरीची आदली रात्र. शेवटच्या नवव्या डावात रेंजर्स दोन धावांनी मागं, तिथं कोरी सीगरनं चेंडू प्रेक्षकांत मारला आणि बरोबरी केली. अकराव्या डावात अडोलिस गार्सियानं तसाच मारला, 6-5. आमची ही मसाला दुधासाठी बदाम सोलत होती, ताट हातातून सुटलं, बदाम सगळ्या खोलीत. नातू माझ्या गळ्यात. 1 नोव्हेंबरला रेंजर्सनं मालिका जिंकली, त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा, आणि आम्ही पाचही सामने अँटेनावर पाहिले.

तेव्हा ताई, मुलाला सांगा, आधी अँटेना आणा. नेटवर्कवरचे सामने आणि वर्ल्ड सिरीज त्यावर फुकट येईल. रोजच्या सामन्यांसाठी रेडिओ आहे, आणि डी मॉइनसारखं गाव त्यासाठी भाग्याचं. तिथल्या डब्ल्यूएचओ ह्या रेडिओ स्टेशनवर 1930 च्या दशकात एक तरुण समालोचक कब्जचेच सामने सांगायचा, शिकागोला न जाता. तारेवर त्रोटक खुणा यायच्या, त्यावरून तो मैदान उभं करायचा. एकदा तार तुटली, तर सहा-सात मिनिटं फलंदाजाकडून नुसते रेषेबाहेरचे फटके मारवत राहिला, तार जुळेपर्यंत. त्याचं नाव रोनाल्ड रेगन, पुढं अमेरिकेचे अध्यक्ष झाले. ही गोष्ट नातवाला झोपताना सांगा.

आणि बदलही होतोय. लोकांनी केबल सोडायला सुरुवात केली तसा क्रीडा चॅनलांचा पाया खचला. डिस्नेकडून 2019 मध्ये घेतलेल्या अशा वीसेक चॅनलांची डायमंड स्पोर्ट्स ग्रुप ही कंपनी 2023 च्या मार्चमध्ये दिवाळखोरीत गेली. त्यानंतर बास्केटबॉलच्या फिनिक्स सन्स टीमनं आपले सामने फुकट स्टेशनवर आणले, 2024 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनंही तेच केलं. टीमच्या मालकांना कळतंय, की पोरांना सामना दिसलाच नाही तर उद्या टोपी कोण घालणार.

प्रश्न : काका, मी पत्रकारितेचा विद्यार्थी. अमेरिकन स्टेशनांची नावं डब्ल्यू किंवा के ह्या अक्षरानंच का सुरू होतात?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : तू गोदाकाठचा, तुला लगेच कळेल. नदीवरून ठरलंय ते. मिसिसिपीच्या पूर्वेला डब्ल्यू, पश्चिमेला के. पण काही जुनी स्टेशनं ह्या नियमाबाहेरचं नाव धरून बसलीत. पिट्सबर्ग पूर्वेला, तरी तिथलं केडीकेए. 2 नोव्हेंबर 1920 ला अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगून ज्यानं नाव कमावलं ते हेच. डॅलसचं आठ नंबर डब्ल्यूएफएए, आणि वर आलेलं डी मॉइनचं डब्ल्यूएचओ, दोन्ही पश्चिमेला. लिहिताना ही अक्षरं जपून लिही, एक अक्षर चुकलं की गाव बदलतं.

प्रश्न : सर, आपल्याकडंही क्रिकेट असंच पैसेवाल्यांपुरतं होईल का? शाळेतली पोरं रोज विचारतात, मॅच कुठं फुकट दिसेल.
— एक शिक्षिका, उदगीर

उत्तर : बाई, आपल्याकडं ह्या बाबतीत कायदा अमेरिकेपेक्षा माणसाच्या बाजूचा आहे, हे मी अभिमानानं सांगतो. 1993 च्या हिरो कपच्या वेळी बंगालच्या क्रिकेट संघटनेनं प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले आणि दूरदर्शनशी वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी 1995 मध्ये न्यायालयानं सांगितलं, की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, ना सरकारची मक्तेदारी ना कंपनीची. पुढं 2007 मध्ये कायदा आला : राष्ट्रीय महत्त्वाचा म्हणून जाहीर केलेला सामना ज्याच्याकडं असेल त्यानं त्याचा सिग्नल प्रसार भारतीलाही द्यायचा. जाहिरातीच्या उत्पन्नात हक्कवाल्याला 75 आणि प्रसार भारतीला 25 टक्के. भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि ट्वेंटी-ट्वेंटी सामने त्यात येतात. आयपीएल येत नाही.

पोरांना सांगताना एक गोष्ट नीट सांगा. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की असा मिळालेला सिग्नल दूरदर्शननं आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि आपल्या फ्री डिशवरच दाखवायचा, केबलवरून नाही. त्यामुळं केबलवर दूरदर्शन लावून बसलेल्या घराला वाटतं, मॅच का नाही? दोष त्यांच्या बॉक्सचा नसतो. जुनी अँटेनाही आता उपयोगाची राहिली नाही, दूरदर्शननं जमिनीवरची जुनी केंद्रं बहुतेक बंद केली.

म्हणून शाळेसाठी फ्री डिश घ्या. एकदाच पैसे, महिन्याचं काही नाही. बसवणाऱ्याला सांगा, आपल्या भागातून छत्रीचं तोंड आग्नेयेला येतं, आणि त्या बाजूला शाळेचं चिंचेचं झाड जवळ असेल तर छत्री गच्चीच्या दुसऱ्या टोकाला लावायची. नट घट्ट आवळून त्यावर ऑइल पेंटचा एक हात द्यायला लावा, म्हणजे पावसाळ्यात गंजणार नाहीत आणि वाऱ्यानं छत्री हलणार नाही.